विषय : कॅबिनेट बदलल्यावर दर वेळी अडणारा तुमचा डेस्कटॉप आणि तुमच्या हेल्पलाइनवर झालेला अपमान

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
डेस्कटॉप विभाग

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले. मॉडेल, सिरियल नंबर आणि बिलाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. कॉम्प्युटर तुम्हीच बनवलेला आहे, त्यामुळे त्याच्या मदरबोर्डवर कुठे काय आहे हे मी तुम्हाला समजावत बसत नाही.

जुन्या कॅबिनेटचा तळ गंजून गेला होता. अमळनेरला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. कूलर लावल्याशिवाय दुकानात बसवत नाही, आणि कूलरची ओल वर्षानुवर्षं त्या पत्र्याला लागत राहिली. पॉवरचं बटण आत गेलं की बाहेर येत नव्हतं. पुढच्या पंख्याचं बेअरिंग गेलं होतं. आतला मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क मात्र ठणठणीत. म्हणून मोठ्या जाळीचं, १२० मिलिमीटरचे पंखे असलेलं नवीन कॅबिनेट आणलं आणि सगळा माल त्यात हलवला. हे काम मी स्वतः केलं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. बोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळी खुंट, म्हणजे स्टँडऑफ, बोर्डाच्या छिद्रांप्रमाणे बसवले, आणि जिथे छिद्र नव्हतं तिथला काढून ठेवला, कारण तो तसाच राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो. एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, २४ पिनांचा प्लग बरोबर बसला. हे एवढ्यासाठी लिहिते की तुमच्या माणसाने मला पहिला प्रश्न ‘वायर नीट लावली का’ असा विचारला होता.

मदरबोर्ड आणि कॅबिनेटचं एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ साली ठरवलं. एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसावा, हाच त्याचा उपयोग. तुम्ही बोर्डाची छिद्रं त्या मापाने पाडलीत, आणि जिथे वायर जोडायची तिथे स्वतःचं वेगळंच करून ठेवलंत. बाजारातल्या कॅबिनेटला पॉवर बटण, रीसेट, दिवे यांचे सुटे छोटे प्लग येतात. तुमच्या बोर्डावर सगळ्यांचा मिळून एकच रुंद प्लग, आणि त्याच्या शेजारी एकही अक्षर छापलेलं नाही. पंख्याचं तेच. वेग बदलणारा पंखा जगभर ४ पिनांचा : ग्राउंड, १२ व्होल्ट, वेग सांगणारी पिन, वेग ठरवणारी पिन. तुमचा ५ पिनांचा. मागच्या पोर्टांची पट्टी सगळीकडे सुटी मिळते, तुम्ही ती जुन्या कॅबिनेटच्या पत्र्यातूनच कापून काढली आहे.

पॉवर बटणाच्या दोन पिना मी जुन्या बटणाला मल्टीमीटर लावून शोधल्या. कॉम्प्युटर सुरू होतो. पण सुरू झाला की काळ्या पडद्यावर ओळी येतात : पुढचा पंखा सापडत नाही, पुढचा यूएसबी जोडलेला नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. एफ१ दाबेपर्यंत तो तिथेच उभा राहतो. प्रोसेसरचा पंखा तोवर पूर्ण वेगात ओरडत असतो. आमच्याकडे लाइट दिवसातून कितीदा जाते याचा हिशेब कुणी ठेवत नाही. दर वेळी मशीन पुन्हा चालू, पुन्हा त्याच ओळी, पुन्हा एफ१. प्रोसेसरवरचा पंखा चालू आहे, नव्या कॅबिनेटचे पंखे मी सरळ एसएमपीएसवरून चालवले आहेत, आतली हवा आधीपेक्षा थंड आहे. तरी तुमचा बोर्ड म्हणतो पंखा नाही, कारण त्याला फक्त तुमच्या कंपनीचा पंखा ओळखता येतो.

आता फोनबद्दल. ते बोलणं जसं झालं तसं लिहिते, म्हणजे ‘आमच्याकडे तशी नोंद नाही’ असं उत्तर येणार नाही.

मी मॉडेल सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, हे प्रॉडक्ट आता सपोर्टमध्ये नाही.” मी म्हटलं, भाऊ, मला सपोर्ट नको, दुरुस्ती नको, फुकट काही नको. फक्त या दोन प्लगांमध्ये कोणती पिन कशाची आहे ते सांगा, आणि हा एफ१चा अडथळा बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममधून, बंद होतो का ते सांगा. तो म्हणाला, “विंडोज पुन्हा टाकून बघा.” मी सांगितलं की हा संदेश विंडोज सुरू व्हायच्या आधी येतो, त्या वेळी हार्ड डिस्क वाचलेलीसुद्धा नसते. थोडा वेळ शांतता. मग, “मॅडम, घरात कोणी जेंट्स आहेत का? फोन त्यांना देता का, म्हणजे मी टेक्निकल समजावू शकेन.”

मी म्हटलं, कॅबिनेट मी उघडलंय, बोर्ड मी बसवलाय, बोलायचं ते माझ्याशीच बोला. त्याने होल्डवर टाकलं. बराच वेळ तुमची जाहिरात ऐकली. परत आला तो म्हणाला, पिनांची माहिती कस्टमरला देता येत नाही, सेफ्टीचा प्रश्न आहे, ती फक्त अधिकृत इंजिनिअरला मिळते. मी विचारलं, अमळनेरला तुमचा अधिकृत इंजिनिअर कोण? म्हणाला, कोणी नाही. जळगावला? तिथला इंजिनिअर हे मॉडेल बघत नाही, कारण ते सपोर्टमध्ये नाही. म्हणजे माहिती ज्याला मिळते तो माझं मशीन बघणार नाही, आणि ज्याचं मशीन आहे त्याला माहिती मिळणार नाही. हे मी त्याला दोनदा विचारलं. त्यावर तो म्हणाला, “मॅडम, रूरल एरियात असं होतं. तुम्ही नवीन घेऊन टाका, सध्या एक्स्चेंज ऑफर चालू आहे.”

रूरल एरिया. विप्रो १९४५ साली या अमळनेरात तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली आणि त्याच कंपनीने १९८०च्या दशकात कॉम्प्युटर बनवले. इथल्या माणसाला चार पिनांची नावं सांगितली तर ती त्याला कळणार नाहीत, हे तुम्ही कशावरून ठरवलं?

फोन ठेवल्यावर मेसेज आला की तक्रार सोडवून बंद केली आहे. काय सोडवलंत? घरात जेंट्स आहेत का, एवढंच तर विचारलंत.

नवीन का घेत नाही, तेही ऐका. मी लग्नपत्रिका, बारशाच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका, पुस्तकं लावते, म्हणजे त्यांची पानं कॉम्प्युटरवर मांडते. अहिराणी कवितांची पुस्तकंसुद्धा माझ्याकडे लागतात. माझ्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही तो छोटा ठोकळा, मागच्या रुंद प्रिंटर पोर्टात बसतं आणि नव्या कॉम्प्युटरला ते पोर्ट येत नाही. पोर्टाचं वेगळं कार्ड लावून पाहिलं, लॉक ओळखत नाही. या मशीनवर विंडोज ७ आहे, त्याचं अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबलं, म्हणून मी त्याला इंटरनेटच जोडलेलं नाही. त्यात पानं मांडायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरच्या फायली आहेत. आईची पत्रिका माझ्याकडे छापली त्या घरची लेक आता स्वतःच्या लग्नाची छापायला येते आणि ‘तीच चौकट ठेवा’ म्हणते. ती चौकट या मशीनवर उघडते, दुसऱ्या कुठल्याच नाही. तुमच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये याची किंमत किती धरली आहे?

तुमचा हा कॉम्प्युटर चांगला होता. म्हणूनच राग जास्त आहे. इतकी वर्षं उन्हात, धुळीत, लाइटच्या खेळात तो चालला. दुकानात येणारा प्रत्येकजण विचारायचा की कुठला घेऊ, आणि मी तुमचंच नाव सांगायचे. माझ्या शब्दावर गावातल्या शिकवणीच्या क्लासने तुमची मशिनं घेतली. आता कोणी विचारलं तर मी सुट्या भागांचं असेंबल केलेलं घ्या म्हणून सांगते. पंखा गेला तर कोपऱ्यावर मिळतो.

मला लेखी तीन गोष्टी हव्यात. त्या रुंद प्लगाच्या आणि पंख्याच्या प्लगाच्या पिनांचा नकाशा. एफ१चा अडथळा बंद करण्याची पद्धत, किंवा तो बंद करता येईल असं बायोस. आणि ‘घरात जेंट्स आहेत का’ या प्रश्नाबद्दल माफी, तीही व्यवस्थापकाच्या सहीने. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हा छापील मजकूर पाठवू नका. गैरसोय एफ१ने झाली, तो प्रश्न अपमान होता.

ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ग्राहकापर्यंत पोचवावी, हाच त्याचा हेतू. उत्तर आलं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवीन आणि मग जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे मला मुंबईला यावं लागणार नाही, तुमच्या वकिलाला जळगावला यावं लागेल. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही.

फोन करू नका. लेखी उत्तर पाठवा.

तुमची ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव

ता.क. बोर्डाचा फोटो जोडला आहे. दोन्ही प्लगांभोवती लाल पेनाने गोल केला आहे. तुमच्या इंजिनिअरने पिनांची नावं त्या फोटोवरच लिहून परत पाठवली तरी चालेल.