पेटी आणण्याआधी वाच

प्रिय शिरीष,

तुझं पत्र मिळालं. माश्या कमी होताहेत म्हणून घरामागे मधपेटी ठेवायचा तुझा बेत वाचून आधी कौतुक वाटलं आणि पाठोपाठ काळजीही. तू रागावशील, पण सांगतोच: पेटी आणू नकोस. निदान एवढ्यात तरी नको.

मध देणारी माशी ही मधमाश्यांच्या मोठ्या गोतावळ्यातली एक शाखा. जगात मधमाश्यांच्या सुमारे 20 हजार जाती नोंदल्या गेल्यात आणि त्यातल्या बहुतेक ना पोळं बांधतात, ना मध साठवतात, ना त्यांच्यात कुणी राणी असते. एकेकटी मादी आपलं घरटं करते, त्यात परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, खोली बंद करते आणि पुढच्या खोलीच्या कामाला लागते. पाळीव माश्यांचं आजारपण बघायला, टंचाईत त्यांना साखरेचा पाक द्यायला माणूस असतो. या एकांड्यांना कुणी वाली नाही. त्यात एका पेटीत हजारो माश्या. आसपास फुलं मोजकीच असली तर एवढ्या मोठ्या पंगतीनंतर या बिचारीच्या पानात काय पडणार?

म्हणून तुझ्या यादीत पेटीच्या जागी मी माती लिहीन. एकांड्या माश्यांपैकी बऱ्याच मोठ्या संख्येने जमिनीत बिळं करतात. तू मागे अंगणभर फरशी घालायचं म्हणत होतास. घाल, पण उन्हातला, पाणी न साचणारा एक कोपरा उघडा ठेव. तिथे खणू नकोस, पालापाचोळ्याचं जाड आच्छादनही नको. पेन्सिल जाईल एवढं भोक आणि भोवती मातीची बारीक ढिगुळी दिसली, तर मुंग्या समजून त्यावर औषध ओतू नकोस. आणि डंखाची धास्ती घेऊ नकोस. या माश्यांना राखायला मधाचं कोठार नसतं, त्यामुळे चेंगरल्याशिवाय त्या सहसा डसत नाहीत.

काही माश्या पोकळ काड्यांत राहतात. त्यांच्यासाठी विकत मिळणारी शोभेची घरटी बघितलीस तर आधी नळ्यांची खोली बघ. बरीच फार उथळ असतात. आई मादीची अंडी आतल्या टोकाला घालते आणि नरांची तोंडाशी. नळी तोकडी असली की नरच जास्त निपजतात. 3 ते 10 मिलिमीटर भोकाच्या, 15 सेंटिमीटर लांबीच्या, मागून बंद असलेल्या बांबूच्या काड्या बांधून पाऊस लागणार नाही अशा जागी घट्ट टांगल्यास की काम झालं. पिल्लं बाहेर पडली की जुन्या काड्या काढून नव्या लाव, नाहीतर बुरशी आणि परजीवी किडे तिथेच ठाण मांडतात.

फुलांच्या बाबतीत माझं मत तुला माहीत आहे. ते भरगच्च डबल गुलाब आणि गोंड्यासारखे झेंडू दिसायला झकास, पण त्यात पराग आणि मधुरस देणाऱ्या भागांच्या जागी बहुतेक पाकळ्याच झालेल्या असतात. माशीच्या हाती फारसं काही लागत नाही. एकेरी पाकळ्यांची फुलं लाव आणि एका जातीची चार-पाच रोपं जवळजवळ लाव. रोपं घ्यायची नसतील तर त्याहून सोपा उपाय आहे: तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नकोस, आणि कोथिंबीर, मोहरी, बडीशेप यांची थोडी रोपं फुलावर येऊ दे. बागेत वर्षभर काही ना काही फुललेलं असणं महत्त्वाचं, एकाच महिन्यात बहर उडवून देण्यात अर्थ नाही.

वांग्याचं एखादं झाड असलं तर सकाळी त्याच्यापाशी जरा थांब. त्याच्या पिवळ्या परागकोशांना टोकाशी फक्त बारीक छिद्रं असतात, पराग आत कोंडलेला. भुंगा येतो, फूल पायांनी आणि जबड्याने गच्च धरतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो. उडतानाच्या गुणगुणीपेक्षा वेगळा, चढा आवाज येतो आणि पराग भुरभुरत त्याच्या पोटावर पडतो. टोमॅटोलाही हीच युक्ती लागू पडते. तू ज्या पाळीव माश्या आणायला निघालायस ना, त्यांना नेमकं हेच जमत नाही!

पाण्याचं थोडक्यात: उथळ ताटली, त्यात पाण्याबाहेर डोकं काढणारे खडे, आणि पाणी रोज बदल. विकतचा मध पाण्यात कालवून मात्र ठेवू नकोस. त्यातून माश्यांच्या अळ्यांना मारणाऱ्या रोगाचे जिवाणू पसरू शकतात. रात्री बाहेरचा दिवा विनाकारण जळू देऊ नकोस, पतंगही परागीभवन करतात.

आता फवारणी. मुळांतून किंवा पानांतून झाडभर भिनणारी कीटकनाशकं सगळ्यात वाईट, कारण ती परागात आणि मधुरसातही उतरतात. निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन औषधांचा उघड्यावरचा वापर युरोपीय संघाने 2018 मध्ये याच कारणाने बंद केला. रोपवाटिकेतून रोप घेताना काय मारलंय ते विचारायला लाजू नकोस. मावा पडला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाक आणि थोडा धीर धर. मधमाशीसारखी दिसणारी, हवेत एका जागी तरंगणारी फुलमाशी तिथे अंडी घालते आणि तिच्या अळ्या मावा फस्त करतात. लिंबाच्या पानांवरच्या अळ्यांनाही राहू दे. चार पानं जातील, पण फुलपाखरं त्यांचीच होतात.

हे सगळं करूनही मधाची हौस उरली, तर पेटी जरूर ठेव. आधी एखाद्या जाणत्या मधपाळाच्या हाताखाली पूर्ण हंगाम काढ, शेजाऱ्यांना विचार, आणि चालत जाण्याच्या टप्प्यात पुरेशी फुलं आहेत का ते बघ. मग त्यातला पहिला मध खायला मी स्वतः येईन. तोवर आगाऊ पैसे कुणाला देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार. त्या कोपऱ्यावर फरशी घालायचा त्यांचा आग्रह असेल तर हे पत्र त्यांना वाचायला दे, वाद माझ्याशी घालू देत.

तुझा,
मुकुंद