कोटेशनमध्ये कबूल केलेली बॅटरी न देता दुसऱ्याच रसायनाची बॅटरी बसवल्याबाबत तक्रार

दिनांक : 18 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

दि. 9 जून 2025 रोजी आपल्या कंपनीच्या माणसांनी मुलुंड (पूर्व) येथील आमच्या नवव्या मजल्यावरच्या सदनिकेत पाच युनिट क्षमतेचा लिथियम बॅटरी संच आणि इन्व्हर्टर बसवला. त्यापोटी मी 1,92,000 रुपये पूर्ण भरले असून पावती माझ्याकडे आहे. आपल्या कोटेशनमध्ये बॅटरीच्या प्रकारासमोर 'लिथियम आयर्न फॉस्फेट' असे स्वच्छ छापलेले आहे. बसवलेली बॅटरी त्या प्रकारची नाही, अशी माझी तक्रार आहे.

हा खर्च मी हौसेने केलेला नाही. माझ्या आईचे वय 86 असून तिला रात्रभर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे विजेचे यंत्र) लागतो. 12 ऑक्टोबर 2020 रोजी ग्रिडमधील बिघाडामुळे सगळी मुंबई अंधारात गेली, त्या दिवशी सिलिंडरसाठी आमची जी धावपळ झाली ती पुन्हा होऊ नये, एवढाच हेतू होता. म्हणूनच आपल्या प्रतिनिधीला मी पहिल्याच भेटीत सांगितले होते, की दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण घरात ठेवायची बॅटरी फॉस्फेटचीच हवी.

मी बेस्टच्या विद्युत पुरवठा विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे नामपट्टी वाचायची सवय जात नाही. संचाच्या मागील बाजूच्या पट्टीवर नॉमिनल (म्हणजे ठोकळ, नावापुरते) व्होल्टेज 51.8 असे आहे. फॉस्फेटच्या एका सेलचे नॉमिनल व्होल्टेज 3.2 असते आणि असे सोळा सेल एकापुढे एक जोडले की 51.2 होतात, 51.8 हा आकडा 3.7 व्होल्टचे चौदा सेल जोडल्यावर येतो, आणि 3.7 व्होल्टचा सेल हा निकेल-कोबाल्ट कुळातला असतो. अवघ्या सहा दशांशांचा फरक पाहून कोणी म्हणेल की छपाईची चूक असेल, म्हणून मी सलग तीन दिवस मल्टिमीटर लावून नोंदी घेतल्या. चार्ज 80 टक्के असताना 55.6, निम्म्यावर 51.4 आणि 20 टक्क्यांवर 49.3 व्होल्ट असे आकडे आले. फॉस्फेट बॅटरीचे व्होल्टेज या सबंध टप्प्यात जेमतेम दोन व्होल्ट खाली येते, कारण तिचा आलेख जवळजवळ सपाट असतो. इथे ते सहा व्होल्टहून अधिक उतरले. या नोंदींची प्रत सोबत जोडली आहे.

दि. 21 जुलै रोजी मी ही बाब फोनवर कळवली, तेव्हा 'दोन्ही लिथियमच आहेत काका, वॉरंटी सारखीच आहे' असे उत्तर मिळाले. वॉरंटी सारखी असेलही, पण आगीच्या बाबतीत हे दोन प्रकार सारखे नाहीत, आणि बॅटरी विकणाऱ्या कंपनीला हे ग्राहकाने सांगावे लागावे याचे मला वाईट वाटते. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे सेल तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या ऑक्साइडमधून मात्र उष्णतेने ऑक्सिजन बाहेर पडतो आणि आतल्या ज्वलनशील इलेक्ट्रोलाइटला मिळतो, म्हणजे आगीचे सरपण आणि वारा दोन्ही बंद डब्यातच असतात. अशी आग बाहेरची हवा तोडून विझत नाही, भरपूर पाणी मारून सेल थंडच करावे लागतात आणि तरीही काही तासांनी ती पुन्हा पेट घेऊ शकते. सेल स्वतःच्याच उष्णतेने आवरता न येण्याइतका तापत जातो, ज्याला थर्मल रनअवे म्हणतात, तो प्रकार निकेलच्या सेलमध्ये साधारण 210 अंश सेल्सिअसला, तर फॉस्फेटमध्ये साधारण 270 अंशांना सुरू होतो असे मानले जाते. सेलची बनावट आणि चार्ज यांप्रमाणे हे आकडे बदलतात हे मला ठाऊक आहे, पण झुकाव कोणीकडे आहे याबद्दल दुमत नाही.

फॉस्फेटची बॅटरी पेटतच नाही, असा माझा दावा नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये बीजिंगमधील एका फॉस्फेट बॅटरी केंद्रात स्फोट होऊन दोन अग्निशामक जवानांचा मृत्यू झाला होता. तापलेल्या सेलमधून निघणाऱ्या वायूत हायड्रोजन असतो आणि तो बंद जागेत साठला की ठिणगीची खोटी. म्हणूनच बॅटरी कोणती याच्या इतकेच ती कुठे ठेवली हेही महत्त्वाचे आहे, आणि इथे माझी दुसरी तक्रार येते. आपल्या माणसांनी हा संच मुख्य दाराला लागून असलेल्या आतल्या अरुंद पॅसेजमध्ये भिंतीवर बसवला. त्या पॅसेजला खिडकी नाही, पलीकडे आईची खोली आहे, जिथे कॉन्सन्ट्रेटर चालतो, आणि घराबाहेर पडायची आमची तीच एक वाट आहे. ब्रिटनमध्ये 2024 साली प्रसिद्ध झालेल्या पीएएस 63100 या मानकात झोपण्याच्या खोल्या आणि सुटकेचे मार्ग घरगुती बॅटरीसाठी वर्ज्य सांगितले आहेत. ते मानक आपल्याकडे बंधनकारक नसले, तरी त्यामागचे कारण मुलुंडलाही तितकेच लागू आहे. मी बाल्कनीतील सावलीची बाजू सुचवली होती. केबल लांबेल म्हणून ती नाकारण्यात आली.

ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 मध्ये संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे हीदेखील सेवेतील त्रुटी मानली आहे. तेव्हा हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत सेलचा प्रकार लेखी कळवावा, आयईसी 62619 या लिथियम बॅटरीच्या सुरक्षेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे झालेल्या चाचणीचा अहवाल या संचाच्या मॉडेल क्रमांकासह द्यावा आणि कबूल केलेली फॉस्फेट बॅटरी बाल्कनीत स्वखर्चाने बसवून द्यावी. ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करून संच घेऊन जावा. जुना संच भंगारवाल्याच्या हाती न जाता 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे आपल्याकडेच परत जाईल, याची पोचही मला हवी आहे. मुदतीत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

तोपर्यंत मी संच 35 टक्के चार्जवर आणून मुख्य स्विच बंद ठेवला आहे, कारण भरलेल्या बॅटरीपेक्षा अर्धी रिकामी बॅटरी कमी धोक्याची. आईसाठी दि. 24 जुलैपासून भाड्याचा सिलिंडर आणला आहे; त्याचे भाडे दरमहा 1,500 रुपये पडते आणि तेही मी आपल्याकडून मागणार आहे.

आपला,
एक ग्राहक
मुलुंड (पूर्व), मुंबई