विषय : ‘१८०१ घडलेच नाही’ ध्वजसंच सदोष, बदलून मिळणेबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या संचाची कल्पना खोक्यावरच छापली आहे. जानेवारी १७९९ मध्ये डब्लिनच्या, म्हणजे आयर्लंडच्या संसदेच्या, कनिष्ठ सभागृहाने ब्रिटनशी विलीनीकरण फेटाळले, तो निर्णय पुढेही टिकला आणि १ जानेवारी १८०१ चे ब्रिटन-आयर्लंडचे संयुक्त राज्य झालेच नाही. कल्पना झकास. आतले ध्वज मात्र तिच्याशी जुळत नाहीत.

मोठा ध्वज ९० × १८० सेंमी आहे. आयर्लंड वगळायचे म्हणून आपण आजच्या युनियन जॅकमधल्या (ब्रिटनच्या ध्वजातल्या) तिरक्या लाल पट्ट्यांत, म्हणजे १८०१ मध्ये आयर्लंडसाठी घातलेल्या लाल फुलीत, निळा रंग भरला आहे. त्यामुळे प्रत्येक तिरक्या भुजेत ९ सेंमी पांढरा, ६ सेंमी निळा, ३ सेंमी पांढरा असे तुकडे दिसतात. असा ध्वज कोणत्याच इतिहासात बसत नाही. तिथे पांढरा भरायला हवा होता, म्हणजे ९, ६ आणि ३ मिळून १८ सेंमीची सलग पांढरी फुली तयार होते, तीही बरोबर कर्णावर. मधला १८ सेंमीचा लाल क्रॉस आणि त्याच्या ६-६ सेंमी पांढऱ्या कडा आहेत तशाच राहतात. काम एका रंगाचे होते!

पत्रकात ‘दांड्याकडचा रुंद पांढरा पट्टा वर ठेवा’ अशी सूचना आहे. लाल फुली नसलेल्या ध्वजाला उलटे-सुलटे नसतेच. ती ओळ काढावी.

राजध्वजात तर कहर आहे. आयर्लंडचे चिन्ह असलेले हार्प हे तंतुवाद्य काढून तिथे तिसऱ्यांदा इंग्लंडचे सिंह बसवलेत. संसद वेगळी राहिली तरी आयर्लंडचा राजा तोच. हार्प १६०३ पासून राजचिन्हात आहे, तो राहणारच. १८०१ मध्ये खरी गेली ती फ्रान्सची लिली. या संचात ती दुसऱ्या चौकोनात हवी, हार्प तिसऱ्यात, हॅनोव्हर (राजाचे जर्मनीतले राज्य) चौथ्यात; पहिल्यात इंग्लंड-स्कॉटलंड शेजारी शेजारी.

शनिवारवाड्याच्या कार्डावरही (१७ नोव्हेंबर १८१७, बाळाजीपंत नातूंनी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवले तो प्रसंग) लाल फुलीचेच निशाण छापले आहे. या कल्पित इतिहासात पेशवाईचे काय झाले असते हा वाद निराळा, पण निशाण चढलेच तर ते जुने चढेल. कंपनी सरकारच्या पट्टेरी ध्वजाच्या कोपऱ्यातही तीच दुरुस्ती लागेल.

तिन्ही ध्वज, पत्रक आणि कार्ड १५ दिवसांत बदलून द्यावे, अन्यथा पूर्ण रक्कम परत करावी. चुकीच्या जागांवर खुणा केलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
एक ग्राहक