सूचना : रविवारी कोंबड्या कापायच्या आहेत

मंडळी, येळ्ळूरच्या परड्यातल्या गिरिराज कोंबड्या तयार झाल्यात. रविवारी सकाळी 7 ला, ऊन चढायच्या आत काम सुरू करू. शनिवारी रात्री 9 नंतर कुणीही दाणे टाकू नका. पोट रिकामं असलं की आतडी फुटून मांस खराब व्हायची भीती कमी. पाणी मात्र ठेवाच, मुकं जनावर तहानलेलं ठेवणं मला पटत नाही. पिसं काढायला पाणी 60 ते 65 अंश, उकळतं नको, कातडी फाटते. पित्ताची पिशवी जपून सोडवा. साफ केलेली कोंबडी लगेच बर्फाच्या पाण्यात. ज्यांच्या खुराड्यात मर लागलीय त्यांनी येऊ नये, आधी पशुवैद्यांना कळवा. पिसं-आतडी नाल्यात टाकायची नाहीत, खड्डा खणलाय. सुऱ्या धार लावून आणा.