शंभर बाळंतपणांवरून निष्कर्ष नको

महोदय,
२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या, त्यावरून कोकणात मुलीच जास्त जन्मतात असे सर्रास बोलले जाते. साफ चूक! पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईला, हे त्याचे मोठे कारण. जन्मताना निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली असतात. मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूवर ठरते (सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे). आईबापाचे वय, कितवे अपत्य यांचा परिणाम अगदी किरकोळ. आरोग्य केंद्रात वर्षाला शंभर बाळंतपणे झाली, तर निव्वळ योगायोगाने मुलगे ४१ निघतील किंवा ६१. म्हणून तालुक्याचे पाच वर्षांचे आकडे एकत्र करावेत आणि पहिली मुलगी असलेल्यांचे दुसरे बाळंतपण वेगळे मोजावे. लिंगनिवड होत असेल तर ती तिथेच आधी दिसते.

– एक वाचक, चिपळूण