कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेकॅनिक मामांना, एका एलटीवालीकडून

मामा, नमस्कार.

तुमचा मोबाइल फक्त फोन घेण्यापुरता, त्यामुळे दुकानातल्या पोरानं हे पत्र तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं अशी त्याला विनंती. मधेच ‘बास कर, कामाला लाग’ म्हणू नका. तोंडावर आभार मानायला आले होते, तर तुम्ही चहा सांगितलात आणि पावसाचा विषय काढलात. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

माझी राजदूत ३५० मोटरसायकल झकास चालली आहे. सकाळी गार असताना चोक ओढून एक-दोन किका, गरम असली की पहिल्याच किकला.

तुमच्याकडे यायच्या आधी ती ज्या ज्या हातांतून गेली, त्यांची नावं घेत नाही. पण राग अजून गेलेला नाही. एकानं ऑइल पंपच काढून फेकला, त्या जागी पत्र्याची पट्टी ठोकली आणि म्हणाला, ‘पेट्रोलमध्येच ऑइल मिसळत जा, टेन्शनच नाही.’ दुसऱ्याला मी आवाज कसा येतो ते सांगायला लागले, तर त्याचा प्रश्न, ‘घरात कुणी जेंट्स नाहीत का बोलायला?’ तिसऱ्यानं नुसतं विचारलं, ‘एचटी का एलटी?’ म्हणजे हाय टॉर्क का लो टॉर्क, जास्त ताकदीची का कमी. एलटी म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा पडला. ‘मग कशाला खर्च करताय मॅडम, पार्टला देऊन टाका.’

राजदूत ३५० म्हटलं की भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, पण ते पाणी एचटीसाठी राखीव. ही मूळची यामाहाची आरडी ३५०, जपानात १९७३ ची, ३९ अश्वशक्तीची. राजदूत बनवणाऱ्या एस्कॉर्ट्स कंपनीनं ती १९८३ मध्ये इथं आणली तेव्हा ताकद ३०.५ वर उतरवली होती आणि पुढे डिस्क ब्रेकऐवजी ड्रम ब्रेक होता. ती एचटी. एवढं करूनही ‘पेट्रोल पिते’ ही ओरड थांबेना, तेव्हा तिचा गळा आणखी आवळला. ती ही एलटी, २७ अश्वशक्तीची. पण १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाचीच आरएक्स १०० बाजारात उतरली आणि मायलेज मोजणाऱ्या देशाला साडेतीनशेच्या टू-स्ट्रोकची गरजच उरली नाही. आज एचटीला सोन्याचा भाव आहे. एलटी मात्र भंगारात सापडते, नाहीतर एचटीचं सामान चढवून खोट्या नावानं फिरते. मला विचाराल तर हे दुसरं जास्त वाईट.

तुम्ही एचटी-एलटी काहीच विचारलं नाहीत. ‘चालू कर,’ म्हणालात. मला म्हणालात, माझ्याबरोबर आलेल्या भावाला नाही. थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच उतरत नव्हतं, ते मान तिरकी करून ऐकलंत. डाव्या बाजूचा प्लग काढून त्याचा पांढरा पडलेला रंग मला दाखवलात. ‘इंजिनचं डावं सील गेलंया, हवा वढतीया. ही अशीच पळवली असतीस तर पिस्टन धरून इंजिन जाम झालं असतं.’

पुढे काय उघडलं, काय बसवलं, ते तुम्ही आणि शेजारचे लेथवाले जाणोत. पंप जागेवर आला एवढं मला पुरेसं आहे.

मला लिहायचं आहे ते नंतरच्या एका संध्याकाळबद्दल. तुम्ही दोन्ही कार्ब्युरेटर जुळवत होतात. गाडी उभ्या उभ्या चालू, तुम्ही मागे स्टुलावर, दोन तळहात दोन सायलेन्सरांच्या तोंडाशी, डोळे मिटलेले. स्क्रू जरासा फिरवायचा, परत हात धरायचे. मधेच उठलात, स्टूल माझ्याकडे सरकवलंत आणि म्हणालात, ‘गाडी तुझी हाय न्हवं? मग तूच बघ. दोन्ही हातावर सारखा मार बसला पायजे.’

आधी नुसता गरम धूर लागला. काही कळेना. मग उजव्या तळव्यावर बारीक थपथप सरळ पडते आहे आणि डावीकडची मधूनच एखादी गळते आहे, हे जाणवायला लागलं. ‘डावं चुकतंय,’ म्हटलं. तुम्ही शाबासकी दिली नाहीत, हसलाही नाहीत. स्क्रू किंचित फिरवलात. ‘आता?’ परत जरासा. ‘आता?’ दुकान बंद करायची वेळ टळून गेली होती, पोरगं शटरपाशी ताटकळलं होतं, आणि तुम्ही मात्र मी ‘सारखं झालं’ म्हणेपर्यंत थांबलात. माझ्या सांगण्यावर तुमचा स्क्रू फिरत होता! इतक्या गॅरेजांच्या पायऱ्या झिजवल्या, पण माझ्या हाताला काही कळू शकतं असं धरून चालणारे तुम्ही पहिलेच.

आता तिचा स्वभाव कळायला लागला आहे. गगनबावड्याच्या रस्त्याला कळे, साळवण अशा गावांतून ती चौथ्या गिअरवर गरीब गाईसारखी चालते. गाव मागे पडलं, दोन गिअर खाली टाकले आणि आरपीएमचा काटा साडेपाच हजारांच्या पुढे गेला की आवाज घट्ट होतो आणि सीट मागून ढकलल्यासारखी होते. ओळखीतल्या एकाची एचटी चालवून पाहिली. तिचा झटका मोठा, खोटं कशाला बोलू. पण वळणातून बाहेर पडताना तिला सांभाळावं लागतं, माझी सांभाळून घेते. सहा गिअर असल्यामुळे हाताशी नेहमी एक जास्तीचा असतो.

करूळ घाट उतरताना मात्र त्या पंप फेकणाऱ्या शहाण्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही. उतारावर थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे त्यात मिसळलेलं ऑइलही बंद, आणि इंजिन तर जोरात फिरतंय. पंप असला की इंजिन फिरतंय तोवर थोडं थोडं ऑइल जात राहतं. जपान्यांनी एवढा विचार करून ठेवला होता, आमच्या गड्यानं पत्र्याच्या पट्टीत मिटवला! ड्रम ब्रेकचं म्हणाल तर तुम्ही दोन्ही शू एकदम टेकतील असे जुळवलेत, तेव्हापासून लिव्हर दाबला की गाडी थांबते. पूर्वी विचार करून थांबायची.

मामा, उद्यमनगरात तुमच्यासारखी माणसं अजून आहेत. ‘हे होत नाही’ म्हणायच्या आधी बॅटरी घेऊन वाकून बघणारी, गिऱ्हाइकाला काढलेलं सामान हातात देऊन काय झिजलंय ते दाखवणारी, समोर कोण उभं आहे यावर आवाजाची पट्टी न बदलणारी. चकाचक काउंटरवाल्यांकडे वेटिंग असतं आणि तुमच्या दारात दोनच गाड्या, याचा मला राग येतो. तुम्हाला येत नाही, ते ठाऊक आहे.

राहता राहिलं बिल. वहीच्या पानावर आकडा लिहून तुम्ही तो माझ्यासमोर खोडलात आणि खाली कमी लिहिलात, ते मी पाहिलं आहे. दिवाळीनंतर इग्निशनचे पॉइंट आणि पुढच्या ब्रेकचे लायनर बघायला गाडी आणते. या खेपेला खोडाखोडी चालणार नाही.

तुमची,
एलटीवाली