चाती सरळ करून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

वर्ध्याहून तुम्ही परत पाठवलेल्या चात्या (चरख्यावर गरगर फिरून धाग्याला पीळ देणाऱ्या टोकदार सळया) पोचल्या. मजुरी तुम्ही घेत नाही, म्हणून निदान आभार तरी. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण प्रत्येक चातीबरोबर तुमची जी चिठ्ठी येते ती पेटीचरख्यावर, म्हणजे पेटीत मिटवून ठेवता येणाऱ्या चरख्यावर, घरी कातणाऱ्या कुणालाही कामाची आहे.

सूत तुटलं की शिकणारा आपल्याच हाताला बोल लावतो. तुम्ही आधी चाती तपासायला लावता. ती काढून आरशाच्या काचेवर हलकेच लोळवायची. सरळ चाती एकसारखी घरंगळते, वाकडी एका जागी थबकते आणि तिच्याखाली उजेडाची फट दिसते. चरख्यावर फिरताना टोक दुहेरी दिसू लागलं तरी दुखणं तेच. वाकडं टोक दर फेऱ्याला धाग्याला झटका देतं आणि धागा जिथे बारीक असेल तिथे तुटतो. मग चाती लाकडी ठोकळ्यावर ठेवायची, बाक वरच्या बाजूला घ्यायचा आणि लाकडी हातोडीने अगदी हलके ठोके द्यायचे. दर ठोक्यानंतर पुन्हा काच. लोखंडी हातोडी नको, चातीला पोचे पडतात. मधला बाक असा घरी निघतो. टोकाजवळचा मात्र तुमच्याकडेच पाठवावा, हे आमचं मत.

चाती सरळ असूनही धागा ठरावीक अंतराने बारीक होत असेल तर माळेची, म्हणजे चाकावरून चातीला फिरवणाऱ्या दोरीची, गाठ बघा, असं तुम्ही लिहिलंत. जाड गाठ चातीच्या चकतीवरून जाताना माळ उडते आणि तेवढ्यापुरता पीळ चुकतो. गाठ न मारता दोन टोकं एकमेकांवर ठेवून सुईदोऱ्याने शिवली की उडी थांबते. सुती माळ पावसाळ्यात ओल धरून आखडते, चाक जड होतं. उन्हाळ्यात तीच सैल पडून घसरते. चाक बिघडलं म्हणून अकारण खोलण्यापेक्षा माळेचा ताण आधी जुळवावा.

चातीबरोबर वापरातला एक पेळू (कातण्यासाठी पिंजलेल्या कापसाची वळलेली वळी) आणि हातभर सूत पाठवा, हा तुमचा हट्ट सुरुवातीला विचित्र वाटतो. पण निम्मं निदान त्यातच असतं. औषधाच्या दुकानातला कापूस शोषक करताना त्याच्या तंतूवरचं मेण काढून टाकलेलं असतं, तो सुळसुळीत सुटत नाही, गोळे येतात. गादीवाल्याकडच्या कापसात आखूड तंतू फार. पिंजताना अती केलं की तंतू तुटून बारीक गाठी होतात, आणि त्या सुतात शेवटपर्यंत राहतात. पेळू वीतभर लांब, करंगळीएवढा जाड आणि सैल वळलेला असावा. घट्ट वळला की तंतू एकदम झुबक्याने बाहेर येतात.

आणि ते पिळाचं गणित! त्यासाठी तर खास धन्यवाद. १०० मीटर सूत सोनाराच्या काट्यासारख्या बारीक वजनकाट्यावर ठेवायचं आणि ५९ ला त्या ग्रॅमनी भागायचं. येतो तो सुताचा नंबर, जितका मोठा तितकं सूत बारीक. ३ ग्रॅम भरलं तर सूत साधारण २० नंबरी. या सुताला सेंटीमीटरला ७ च्या आसपास पीळ लागतात, म्हणजे हात ६० सेंटीमीटर मागे गेला की ४२०. आता चातीला दोऱ्याची खूण बांधून हँडल सावकाश एकदा फिरवायचं आणि चातीचे फेरे मोजायचे. ते ९० भरले तर दर ओढीला हँडलचे पावणेपाच फेरे हवेत. त्याहून फार कमी झाले तर धागा हातात सुटतो, फार जास्त झाले तर वेटोळी पडतात.

दोन धागे एकत्र पिळून सूत दुपदरी करताना पिळाची दिशा कातण्याच्या उलटी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ताण सारखा ठेवायचा, हे विसरलं जातं. एक पदर सैल सुटला की तो दुसऱ्याभोवती नुसता गुंडाळला जातो, दोघं एकमेकांत बसत नाहीत. म्हणून दोन कुकड्या (चातीवर भरलेल्या सुताच्या गुंड्या) दोन वेगळ्या वाट्यांत ठेवून दोन धाग्यांमध्ये एक बोट घालायचं. पीळ एकेरीच्या निम्मा ते दोन-तृतीयांश पुरतो. तपासायला दुपदरी सुताचा हातभर फास करून लोंबकळत सोडायचा. उघडा राहिला तर बरोबर. कातण्याच्या दिशेने वळला तर दुपदरी करताना पीळ जास्त झाला, उलट वळला तर कमी पडला. ही तपासणी उकळण्याआधी करायची, कारण नंतर पीळ बसतो आणि फास खरं सांगत नाही. फाळक्यावरून, म्हणजे सूत गुंडाळायच्या चौकटीवरून, सुताची लडी उतरवण्याआधी चार ठिकाणी सैल बांधायची, मग चिमूटभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळायची. पाणी तपकिरी होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कापसातलं मेण आणि इतर द्रव्यं निघतात.

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने नव्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटींमध्ये ८ तासांत १६,००० फूट सूत आणि १५० रुपयांच्या आत किंमत तर होतीच, शिवाय यंत्र २० वर्षं टिकावं आणि त्याची देखभाल स्वस्त असावी, हेही होतं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. देखभालीची अट तुम्ही मात्र आमच्यासाठी केव्हाच पुरी केलीत.

दिवाळीनंतर आणखी काही चात्या येतील. तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रत्येक चाती पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घालून, दोन्ही तोंडांना चिंधीचे बोळे लावून पाठवू. पेळू आणि सूत वेगळ्या पाकिटात असेल. त्यातल्या दोन चात्यांची चकती सैल झाली आहे, त्यांना लाल दोरा बांधला आहे.

आपले,
पेटीचरख्यावर घरी कातणारे आम्ही सगळे